चहा बंद केला आणि बिलं कमी झाली

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका मरोळच्या एका कस्टम क्लिअरिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन विभाग सांभाळतात. वय एक्केचाळीस. याच कंपनीत ऑपरेटर म्हणून लागल्या, गेल्या वर्षी इन्चार्ज झाल्या. हाताखाली आठ माणसं. मे महिन्यात एका बिलात, म्हणजे परदेशातून आलेला माल सोडवण्यासाठी कस्टमकडे भरायच्या ‘बिल ऑफ एन्ट्री’त, चूक झाली, पार्टीने म्हणजे माल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाने थेट मालकांना फोन केला आणि मालकांनी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव घेऊन त्याला झापलं. ‘तुमचा स्टाफ फार गप्पा मारतो’ हेही बाईंना ऐकवलं. जूनपासून बाईंनी नियम केले. साडेअकराचा एकत्र चहा बंद, चहा जागेवर येईल. कामाशिवाय टेबल सोडायचं नाही. चुकांचं रजिस्टर, नावानिशी. प्रत्येकाने किती बिलं काढली त्याचा आकडा रोज संध्याकाळी ग्रुपवर. पहिले दोन आठवडे काम वाढलं, मग घसरत गेलं. रोज चाळीसच्या आसपास निघणारी बिलं तिसावर आली. ऑगस्टमध्ये एका नव्या मुलीकडे चेकलिस्ट (बिलाचा कच्चा मसुदा) अडकून पडली, जकातीसाठीचा मालाचा कोड तिला ठरवता येत नव्हता आणि तिने कोणाला विचारलं नाही. बिल चार दिवस उशिरा भरलं गेलं, दंड बसला. त्या मुलीने आता राजीनामा दिला आहे. सगळ्यात जुने, जाणकार काका कोणाशी बोलत नाहीत. मालकांनी दोन उपाय सुचवलेत : बिलामागे इन्सेन्टिव्ह, नाहीतर कर्जतला पिकनिक. बाई विचारतात, ‘मी कडक राहू की यांची मैत्रीण होऊ? ऑफिस हे कामासाठी असतं, नाती घरी, असं मी मानत आले. बदलापूर-विरारहून उभ्याने येणाऱ्या माणसाला पगार हवा असतो, नाती नको असतात. माझं कुठे चुकतंय? रात्री झोप लागत नाही.’

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी शेजारी कागदावर फक्त महिने मांडत गेले. मे : ग्रुपवर झापणं. जून : नियम. जूनअखेर : आकडा घसरायला सुरुवात. ऑगस्ट : अडकलेली चेकलिस्ट. ऑगस्टची घटना तुम्ही ‘यांचं लक्षच नसतं’ याचा पुरावा म्हणून लिहिली आहे. मला मात्र ती मे आणि जूनमधून सरळ निघालेली दिसते.

त्या मुलीपाशी जरा थांबूया. माल इंजिनाच्या व्हॉल्व्हचा होता, हे तुम्हीच लिहिलंय. ८४८१ या कोडमध्ये घालायचा की ८४०९ मध्ये? नव्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा. नळ, कॉक, व्हॉल्व्ह हे सगळं ८४८१ मध्ये दिसतं. पण इंजिनाचे इनलेट-एक्झॉस्ट व्हॉल्व्ह इंजिनाच्या सुट्या भागांबरोबर ८४०९ मध्ये जातात. वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं, आणि तसा माणूस तिच्यापासून तीन टेबलं सोडून बसला होता. पूर्वी साडेअकराला सगळे खिडकीपाशी उभे असताना तिने कप हातात घेऊन ‘काका, हे जरा बघता का?’ म्हटलं असतं आणि बारा वाजायच्या आत चेकलिस्ट पार्टीकडे मंजुरीला गेली असती. आता विचारायचं तर आठ जणांच्या देखत टेबल सोडून उठायचं. काका ‘हेही येत नाही?’ म्हणाले तर? चुकून भरलं तर रजिस्टरमध्ये नाव, संध्याकाळी ग्रुपवर आकडा कमी. या सगळ्यात तिला सगळ्यात सुरक्षित काय वाटलं असेल? फाइल खाली सरकवून ठेवणं आणि दुसरं सोपं बिल काढणं. तिच्या त्या दिवसाच्या आकड्यात काही कमी पडलं नाही. कंपनीला मात्र उशिरा भरलेल्या बिलाचे पहिले तीन दिवस रोजचे ५,००० आणि चौथ्या दिवसाचे १०,००० असे २५,००० रुपये बसले, वर माल पडून राहिल्याचं कार्गो टर्मिनलचं भाडं, म्हणजे डेमरेज, वेगळं. पार्टीचा विश्वास गेला तो कोणत्या रजिस्टरमध्ये लिहिणार?

म्हणून तुमच्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. तुमच्या विभागात जून महिन्यात नेमकं काय बंद झालं? तुम्ही म्हणता गप्पा बंद झाल्या. त्या गप्पांमध्ये काय काय असायचं ते आठवून बघा. निम्म्या घरच्या असतील, मुलांचे क्लास, सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावरची गर्दी. उरलेल्या निम्म्या ‘आइसगेट (कस्टमचं पोर्टल) आज लटकतंय का?’, ‘त्या पार्टीच्या इन्व्हॉइसमध्ये फ्रेट वेगळं दाखवतात, बघून घे’, ‘सहारच्या एअर कार्गोला आज कोणाची ड्यूटी आहे?’ अशा. पहिल्या निम्म्यामुळे दुसऱ्या निम्म्या सोप्या होतात. ज्या माणसाने सकाळी माझ्या मुलाच्या दहावीची चौकशी केली, त्याला दुपारी एखादा बावळट वाटणारा प्रश्न विचारताना जीभ अडखळत नाही. तुमचं काम हे विचारपूस करत पुढे सरकणारं काम आहे. ती थांबवली तर माणसं जागेवर बसलेली दिसतील, पण फाइल पुढे सरकणार नाही.

आता ‘कडक राहू की मैत्रीण होऊ’ याविषयी. ही निवड तुमच्यापुढे आहेच असं मला वाटत नाही. ऑफिसातल्या नात्यांना मैत्री समजल्यामुळे तुमची अडचण झाली आहे. त्या आठ जणांना त्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी मैत्रीण नको आहे. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात. अडलं तर विचारता येईल का? चुकलं तर चारचौघांत अब्रू जाईल का? आणि माझ्या कामाचा हिशेब शेजारच्याला लावतात त्याच मापाने लावतील का? ही तीन उत्तरं चांगली असतील तर इन्चार्ज बाई कमी हसणाऱ्या असल्या तरी माणसं मनापासून काम करतात. उत्तरं वाईट असतील तर त्यांनी रोज समोसे आणले तरी उपयोग नाही.

‘मुंबईच्या माणसाला नाती नको असतात’ हे तर मला मुळीच पटलं नाही. तुमच्याकडच्या बदलापूरच्या ताईंना विचारा, सकाळच्या गाडीत त्यांचा ग्रुप आहे का. नक्की असेल. लेडीज डब्यात जागा धरून ठेवणारी आहे, कल्याणला चढणाऱ्या गरोदर मुलीला रोज न विसरता बसायला देणाऱ्या आहेत, डब्यातच हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणही होतं. गर्दीत उभ्याने प्रवास करणारी ही बाई दीड तासात इतकं जोडते आणि मरोळला उतरून ऑफिसात शिरली की आठ-नऊ तास गप्प बसते. तिला नात्यांचा कंटाळा असता तर गाडीतही ती गप्पच बसली असती. ऑफिसात तोंड उघडलं तर महागात पडतं, एवढं तिने शिकून घेतलंय.

पगाराचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे. चांगल्या वागणुकीने पगाराची भरपाई होत नाही. पगार उशिरा होत असेल, रात्री आठपर्यंत थांबवून त्याचे पैसे मिळत नसतील, तर आधी ते निस्तरा. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘आम्ही सगळे एक कुटुंब आहोत’ असं सांगून तीन वर्षं पगार न वाढवलेल्या ऑफिसांची पत्रं पुष्कळ असतात, आणि ती लिहिणाऱ्यांचा राग अगदी रास्त असतो.

या विषयावर जगभर सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी तिथे टेलिफोनची उपकरणं बनवायची. १९२४ साली तिथे उजेड वाढवला तर काम वाढतं का, हे तपासायला घेतलं. उजेड वाढवला, काम वाढलं. उजेड कमी केला, तरीही वाढलं. मग १९२७ पासून पाच जुळणी करणाऱ्या मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी एक, अशा सहा जणींना वेगळ्या खोलीत बसवून मधली विश्रांती, कामाचे तास, मोबदला, एकेक बदलून पाहिलं. हार्वर्डचे एल्टन मेयो या कामाशी जोडले गेले आणि त्यांनी मांडलं की माणसाला विचारात घेतलं, त्याचा एक गट झाला, की काम वाढतं. व्यवस्थापनात मानवी संबंधांचा विचार तिथून रूढ झाला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एवढ्यावरच थांबते. तुम्हाला मी ती पुढेही सांगते, कारण तुमच्या मालकांनी ती ऐकली असेल तर अर्धीच ऐकली असेल. त्या सहा जणींपैकी दोघींना १९२८ च्या सुरुवातीला खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. तक्रार काय, तर त्या फार बोलतात आणि काम पुरेसं करत नाहीत. काम वाढलं त्यात या बदलाचा किती वाटा, नव्या मोबदल्याचा किती आणि आपुलकीचा किती, यावर अभ्यासकांनी पुढे कित्येक वर्षं वाद घातला. त्यामुळे ‘जरा प्रेमाने बोला, आकडा आपोआप वाढेल’ असं वचन मी तुम्हाला देणार नाही. तसं कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका.

त्याच कारखान्यातला दुसरा प्रयोग मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३१-३२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या वायरिंगचं काम करणाऱ्या चौदा पुरुषांचं निरीक्षण केलं गेलं. त्यांना गटाच्या एकूण कामावर मोबदला होता, म्हणजे जास्त काम तर जास्त पैसे. तरी त्यांनी आपापसांत ‘दिवसाला एवढंच’ असा आकडा ठरवून टाकला होता. कोणी त्याच्या पुढे गेला की बाकीचे त्याच्या दंडावर ठोसा मारायचे. फार मागे पडणाऱ्यालाही ऐकून घ्यावं लागायचं. पैसे समोर असून ते असं का वागत होते? आज जास्त करून दाखवलं तर उद्या तेच कमीत कमी धरतील, दर उतरवतील, नाहीतर माणसं कमी करतील, ही भीती. वरच्यांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी एकमेकांना धरून स्वतःचा बचाव केला.

तुमचे मालक बिलामागे इन्सेन्टिव्ह देऊ म्हणतात तेव्हा हे त्यांच्या कानावर घाला. रोजचा आकडा ग्रुपवर टाकायला लागल्यापासून तुमच्याकडे तो तिसावर येऊन स्थिरावलाय, हे मला आपोआप घडलेलं वाटत नाही. बिलामागे पैसे लावले तर काय होईल तेही बघा. दोन ओळींच्या इन्व्हॉइसवर उड्या पडतील आणि दीडशे आयटमची फाइल टेबलाटेबलांवर फिरत राहील. काकांनी नव्या मुलीला दहा मिनिटं समजावलं तर त्यांचे पैसे बुडतील, म्हणून ते समजावणार नाहीत. इन्सेन्टिव्ह द्यायचाच असेल तर संपूर्ण विभागाला द्या, आणि बिलांच्या संख्येसोबत उशिराचा दंड न बसणं व दुरुस्तीसाठी परत न येणं हेही त्यात धरा. तोसुद्धा लगेच नको. आधी भरवसा परत यायला हवा, नाहीतर पैसे जातील आणि आकडा तिथेच राहील.

आणखी एक उदाहरण अगदी आपल्या शेजारचं, अहमदाबादच्या कॅलिको मिलचं आहे. तिथे स्वयंचलित माग आले, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढेना आणि कापड खराब होण्याचं प्रमाणही कमी होईना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. त्यांनी पाहिलं की २२४ मागांच्या त्या शेडमध्ये काम बारा प्रकारच्या कामगारांत वाटलंय. एक जण फक्त धागा जोडतो, एक फक्त बॉबिन भरतो, एक फक्त तेल देतो. कोणते माग नेमके कोणाचे, याला उत्तर नाही. राइस यांनी काही मागांचा एक संच आणि त्याची सगळी जबाबदारी एका छोट्या गटाकडे, अशी रचना सुचवली. ती कामगारांनी आणि सुपरवायझरांनी उचलून धरली आणि कोणी कोणत्या गटात जायचं हेही आपापसांत ठरवलं. पुढे उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग तेच होते, माणसंही तीच होती. कोण कोणावर अवलंबून आहे हे मात्र आता सगळ्यांना दिसत होतं.

तुमच्या विभागाची मांडणी मला त्या जुन्या शेडसारखी वाटली. एक जण डेटा भरतो, दुसरा चेकलिस्ट तपासतो, तिसरा फाइल करतो, चौथा सहारला फॉलो-अप घेतो. फाइल अडली की प्रत्येक जण म्हणू शकतो, ‘माझ्याकडून पुढे गेली.’ आठ जणांच्या तीन छोट्या टीम करून पाहा, प्रत्येक टीमकडे ठरावीक पार्ट्या. इन्व्हॉइस आल्यापासून आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टमची परवानगी, मिळेपर्यंत ती पार्टी त्यांची. टीममध्ये एक तरी अनुभवी माणूस हवा. कोणी कोणाबरोबर काम करायचं हे आधी त्यांना बोलू द्या, तुम्ही फक्त तिन्ही टीमचं वजन सारखं आहे ना ते बघा. ग्रुपवरचा माणसागणिक आकडा त्याच दिवशी बंद करा. टीमचा आकडा त्या टीमने स्वतःच ठेवावा.

नात्यांची एक वाईट बाजूही आहे, आणि मुंबईला ती चांगली ठाऊक आहे. गिरणगावात जॉबर असायचा. कामावर लावणारा तोच, साच्यावर, म्हणजे मागावर, नजर ठेवणाराही तोच. नोकरी मिळण्यात गाव, भाऊकी, जात, ओळख यांचा मोठा हात असायचा. नव्याने मुंबईत उतरलेल्या माणसाला त्या ओळखीचा आधार होता हे खरं, पण जॉबरची मर्जी सांभाळायची सक्तीही त्याच नात्यातून यायची. आज जॉबर नाही, पण ‘मॅडमचा खास माणूस’ प्रत्येक ऑफिसात आहे. कोणाला चांगल्या पार्ट्या मिळतात, कोणाची अर्ध्या दिवसाची रजा हसत मंजूर होते, कोणाच्या चुकीला ‘होतं कधीकधी’ म्हणतात, हे माणसं आकड्यांपेक्षा बारकाईने बघत असतात. तुम्ही स्वतः याच आठ जणांमधून वर आलात. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्यावर आज देखरेख करायची, हे फार अवघड आहे आणि तुमच्या कडकपणाचं मूळ मला थोडंफार तिथे दिसतं. पक्षपाताचा आरोप नको म्हणून तुम्ही सगळ्यांपासूनच लांब झालात. लांब व्हायची गरज नाही. रजेचं वेळापत्रक भिंतीवर लावा, फाइलवाटपाची पद्धत सगळ्यांना माहीत असू द्या, मग हवं त्याच्याबरोबर निर्धास्त डबा खा.

पिकनिकबद्दल थोडक्यात सांगते. आत्ता नको. आठवड्याचे सहा दिवस जी माणसं एकमेकांशी बोलायला घाबरतात ती रविवारी कर्जतच्या रिसॉर्टवर अंताक्षरी खेळून मोकळी होणार नाहीत. शिवाय रविवार हा विरारच्या बाईचा आठवड्याची भाजी निवडायचा आणि जरा पाठ टेकायचा दिवस असतो, तो काढून घेऊन त्याला बक्षीस म्हणू नका. मालकांना खर्च करायचाच असेल तर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, ऑफिसजवळ सगळ्यांना एकत्र जेवायला घाला.

मग सुरुवात कुठून करायची? मालकांपासून. हे सगळ्यात कठीण आहे, पण ते टाळून बाकी काहीही केलं तरी फार काळ टिकणार नाही. ग्रुपवर नाव घेऊन झापणं थांबलंच पाहिजे. तुम्ही भावनेवर बोललात तर ते ‘आजकालची मुलं फार नाजूक’ म्हणतील. म्हणून कागद घेऊन जा. मेआधीची बिलं, जुलै-ऑगस्टची बिलं, २५,००० चा दंड, डेमरेजची पावती, आणि राजीनाम्यामुळे नवं माणूस शोधून तयार करायला लागणारे महिने. मग सांगा, ‘सर, चूक झाली की मला फोन करा. संध्याकाळपर्यंत काय झालं आणि काय केलं ते मी तुम्हाला सांगते. ग्रुपवर फक्त कामाचे निरोप ठेवूया. तीन महिन्यांनी आकडे परत बघू.’ मुदत घातली की मालक मंडळी ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

चुकांचं रजिस्टर फाडू नका. त्यातला नावाचा रकाना काढा आणि ‘कुठे अडलं’ व ‘कोणाला विचारलं’ असे दोन रकाने घाला. इथे एक सावधगिरी. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा जिथे कामाचं वातावरण चांगलं, त्या वॉर्डांमध्ये चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथली माणसं जास्त चुका करत होती असं नव्हे, ती त्या उघडपणे सांगत होती. वाईट वातावरणाच्या वॉर्डांमध्ये त्या दडवल्या जात होत्या. तुमच्याही रजिस्टरमध्ये पहिल्या महिन्यात नोंदी वाढतील. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतील, ‘बघा, सूट दिली आणि चुका वाढल्या.’ नोंद त्याच दिवशी झाली का आणि ती फाइल वेळेत सुटली का, हे मोजा.

साडेअकराचा चहा परत सुरू करा, खिडकीपाशीच. आणि सकाळी लॉगिन झाल्यावर दहा मिनिटं उभ्याउभ्या एकच विषय ठेवा : कालचं काय अडलंय? पहिला अडलेला विषय तुम्ही स्वतःचा सांगा. इन्चार्ज बाईंनाही कस्टमच्या एखाद्या नोटिफिकेशनचा अर्थ लागत नाही, हे त्या मुलांनी ऐकलं की त्यांचं तोंड उघडेल. बैठक लांबवू नका, कोणाला उभं करून जाब विचारू नका. पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही. ती शांतता सोसा.

काकांना वेगळं बोलवा, पण केबिनमध्ये नको. जेवणानंतर खाली एक फेरी मारा. त्यांच्या मौनाला तुम्ही ‘अहंकार’ म्हटलंय. मला वाटतं त्यांना लागलंय. वीस वर्षं ज्या माणसाला सगळे विचारायला यायचे, त्याला जूनपासून कोणी काही विचारलं नाही, उलट त्याचा रोजचा आकडा एका पोराच्या आकड्याखाली छापून येतो. तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात ना? मग तसं त्यांना म्हणा. आणि काम म्हणून सांगा, की कोडच्या शंका तुमच्याकडे येतील, त्यासाठी तुमच्या फाइली कमी करते. शिकवणं हे त्यांच्या कामात धरलं गेलं पाहिजे. वर फुकट मागितलेला उपकार राहिला तर महिन्याभरात ते थकतील.

बाकीच्यांशी एकेकट्याने बोलताना प्रश्नांची यादी नेऊ नका. हॉथॉर्नमध्येच वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या होत्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरं त्रोटक यायची. पुढे माणसाला हवं ते बोलू दिलं, तेव्हा खरी दुखणी बाहेर आली. ‘तुमचं काम कशाने सोपं होईल?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. उत्तर खुर्चीचं असेल, प्रिंटरचं असेल, सव्वानऊऐवजी साडेनऊला येऊ देण्याचं असेल. जे तुमच्या हातात असेल त्यातलं एक त्याच आठवड्यात करून टाका. घरच्या गोष्टी उकरू नका. ज्याला ऑफिसात फक्त कामापुरतं बोलायचंय त्याला तसं राहू द्या, तोही चांगला सहकारी असतो.

आणि कडकपणा लागतोच. तुमच्या पत्रात एक जण आहे जो रोज वीस मिनिटं उशिरा येतो आणि त्याच्या फाइली इतरांना उरकाव्या लागतात. जूनच्या नियमांनी आठही जणांना शिक्षा झाली आणि त्या एकाला कोणी काही म्हटलं नाही. बाकीच्यांच्या मनातली अढी बरीचशी तिथली असू शकते. त्याला एकट्याला बसवून तारखा दाखवा, कारण विचारा. अडचण खरी असेल तर वेळ बदलून द्या, नसेल तर लेखी समज द्या. हे चारचौघांत करू नका, आणि करायचं टाळूही नका.

हे वाचणाऱ्यांत इन्चार्ज नसलेले, खालच्या टेबलावर बसणारे पुष्कळ असतील. वरचा माणूस ओरडणारा असेल तर त्याला बदलणं तुमच्या हातात नाही, पण शेजारच्या दोन टेबलांशी करार करता येतो : मी तुझी चेकलिस्ट बघतो, तू माझी बघ. अडलेली गोष्ट त्याच दिवशी लेखी कळवा, दोन ओळींचा मेल पुरतो. नाव घेऊन अपमान झाला तर दुसऱ्या दिवशी, दोघांचं डोकं शांत असताना, एकांतात सांगा की चूक दाखवा, पण मला बाजूला घेऊन दाखवा. ज्याचा अपमान झाला त्याच्याशी त्या संध्याकाळी कोणीतरी स्टेशनपर्यंत चालत जा.

ताई, झोपेचं तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंय, ते मी तसं सोडणार नाही. मालकाचा राग वरून आणि आठ जणांचं मौन खालून, यात तीन महिने काढलेल्या माणसाची झोप उडणारच. घरी कोणाशी तरी हे बोला. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आता राहिली ती राजीनामा दिलेली मुलगी. तिची नोटीस संपायच्या आत तिच्याशी बोला. ‘त्या दिवशी तू विचारायला हवं होतंस’ असं सुरू करू नका, ते तिला माहीत आहे. ‘विचारायला कठीण जावं अशी पद्धत मी केली होती, ती बदलतेय,’ एवढं सांगा आणि काय बदलतेय ते दाखवा. ती थांबेलच असं नाही. तिने जायचं पक्कं केलं असेल तर तिला तिच्या रीतीने जाऊ द्या, तिचा हिशेब आणि अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशी हातात द्या, दंडाचे पैसे त्यातून कापायची भाषा मालकांनी काढली तर ती तिथेच थांबवा. उरलेले सात जण हे सगळं आपापल्या टेबलावरून बघत असतील.